ट्रामगाडीच्या पलीकडच्या फिलिपा फूट



आजचा विषय आहे फिलिपा फूट या इंग्लिश तत्त्ववेत्त्या प्राध्यापिकेचं नीतिशास्त्रातलं काम. हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल, पण त्यांची ट्रामगाडी मात्र बहुतेकांच्या ओळखीची असणार. मोबाइलवर 'ट्रॉली प्रॉब्लेम' नावाचे कितीतरी व्हिडिओ फिरत असतात. गाडी सुटलेली आहे, एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक, आणि तुमच्या हातात खटका. ओढणार की नाही? मग लोक हात वर करतात, बहुमत मोजलं जातं, हशा होतो आणि विषय संपतो.

माझं म्हणणं असं की या ट्रामगाडीनं फूटबाईंना प्रसिद्धी दिली आणि त्याच वेळी त्यांना झाकूनही टाकलं. त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न वेगळाच होता आणि तो फार जुना, फार अवघड आहे. एखादं कृत्य वाईट आहे असं आपण म्हणतो, तेव्हा आपण काही खरं सांगत असतो, की नुसती आपली नापसंती व्यक्त करत असतो? आज आधी त्यांची वाटचाल थोडक्यात सांगतो, मग त्यांचे युक्तिवाद, आणि शेवटी मला ते कुठे पटतात आणि कुठे पटत नाहीत ते.

फूटबाईंचा जन्म १९२०चा. आई अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांची मुलगी, तिचा जन्मच मुळी व्हाइट हाउसमधला. घर खानदानी, आणि अशा घरात मुलींना शाळेत घालायची पद्धत नव्हती. घरी शिकवायला बाया येत, त्यांच्याकडून जे मिळालं तेवढंच शिक्षण. तिथून ही मुलगी ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात गेली आणि १९४२ साली पहिल्या वर्गात पदवीधर झाली. युद्धाचे दिवस. बरेचसे तरुण पुरुष लढाईवर गेलेले. त्याच सुमारास आयरिस मर्डॉक, एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम आणि मेरी मिज्ली याही ऑक्सफर्डमध्ये शिकत होत्या. या चौघींवर २०२१ आणि २०२२ साली दोन चांगली पुस्तकं निघाली. ज्यांना गोष्टीच्या अंगानं वाचायचं आहे त्यांनी ती जरूर वाचावीत.

पुढची नोकरीची हकिगत लांबवत नाही. १९४७पासून समरव्हिलमध्ये अध्यापन, १९४९ला फेलो. १९६९ साली ती कायमची जागा सोडून दिली, काही वर्षं अमेरिकेतल्या विद्यापीठांत पाहुण्या म्हणून शिकवलं, आणि १९७६पासून लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक. १९९१ला निवृत्ती. २०१० साली, बरोबर नव्वदाव्या वाढदिवशी, निधन.

आता प्रकाशनांचं बघा. पहिला निबंधसंग्रह १९७८ साली आला, म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या आसपास. सलग लिहिलेलं पुस्तक आयुष्यात एकच, 'नॅचरल गुडनेस', २००१ सालचं. तेव्हा बाई ऐंशीच्या होत्या. आपल्याकडे २०१०पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा एपीआय आला, त्या हिशेबात या बाईंचं काय झालं असतं याची कल्पना तुम्हीच करा! मी हे नुसतं गमतीनं सांगत नाही. एकच प्रश्न पन्नास वर्षं हातात धरून बसायचं आणि उत्तर चुकलं असं वाटलं की ते जाहीरपणे मागे घ्यायचं, ही कामाची एक रीत आहे. तिचं मोल गुणांकात बसत नाही.

तो प्रश्न त्यांच्या हातात कसा आला? १९४५ साली नाझी छळछावण्यांची छायाचित्रं आणि चित्रफिती इंग्लंडमध्ये पोचल्या. त्या पाहून तरुण फिलिपा अतिशय हादरल्या. आता जग पूर्वीसारखं राहणार नाही असं त्यांना वाटलं, आणि आपले शिक्षक डोनाल्ड मॅकिनन यांच्याशी त्या त्याबद्दल बोलल्या. पुढे मुलाखतींतून त्यांनी हे अनेकदा सांगितलं आहे.

आणि त्या वेळी ऑक्सफर्डमध्ये नीतिशास्त्र काय शिकवत होते? ए. जे. एयर यांचं 'लँग्वेज, ट्रुथ अँड लॉजिक' १९३६ला आलेलं होतं. त्यांच्या मते 'चोरी वाईट आहे' या वाक्यात खरं-खोटं ठरण्यासारखं काही नसतं, ती भावना व्यक्त करण्याची एक तऱ्हा. पुढे आर. एम. हेअर आले. ते म्हणाले, ही निव्वळ भावना नाही, हा एक आदेश आहे, सर्वांना लागू करायची तयारी ठेवून दिलेला. हेअर साधे गृहस्थ नव्हते. जपान्यांच्या कैदेत राहून आलेले, नीतीबद्दल कळकळ असलेले. पण त्यांच्या मांडणीचा परिणाम असा की कोणती तथ्यं मूल्यनिर्णयाला आधार देतात, हे शेवटी ज्याचं त्यानं ठरवायचं. एखादा नाझी अधिकारी सुसंगतपणे म्हणाला की माझा नियम मला स्वतःलाही लागू, उद्या मी ज्यू निघालो तर मलाही मारा, तर हेअर त्याला माथेफिरू म्हणतील. तू चुकतो आहेस, असं मात्र त्यांना म्हणता येणार नाही.

फूटबाईंना नेमकं हेच सहन होईना. १९५८च्या सुमारास त्यांनी दोन निबंध लिहिले. युक्तिवाद वरवर किरकोळ दिसतो, पण तो नीट समजून घ्या. समजा कोणी म्हणाला, तासातून तीनदा हात जोडणं हे नैतिकदृष्ट्या चांगलं कृत्य आहे. आपण विचारू, का? ही प्रार्थना आहे का? व्यायाम आहे का? कुणाला दिलेला शब्द आहे का? तो म्हणाला, छे, तसं काही नाही, मी याला चांगलं म्हणतो, बस्. तर आपण म्हणू का की याचं मूल्य वेगळं आहे? आपण म्हणू की या माणसाला 'चांगलं' या शब्दाचा अर्थच कळलेला नाही. 'चांगलं' हा शब्द कशालाही चिकटवता येत नाही. माणसाचं हित, अहित, गरज, इजा यांच्याशी तो आतून बांधलेला आहे. म्हणजे तथ्य आणि मूल्य यांच्यामध्ये जी भिंत उभी केली होती, तिला इथे भगदाड पडलं.

माझ्या मते त्यांच्या सगळ्या लेखनातला सर्वांत टिकाऊ भाग हा आहे. ज्यांना मूल्यं ही निव्वळ आवड वाटते, त्यांच्यावर सिद्धतेची जबाबदारी या निबंधांनी टाकली, आणि ती आजही उतरलेली नाही.

आता ट्रामगाडीकडे येऊ. १९६७ साल. ब्रिटनमध्ये गर्भपाताचा कायदा त्याच वर्षी झाला. कॅथलिक परंपरेत 'दुहेरी परिणामा'चं एक तत्त्व आहे. परिणाम हेतुपुरस्सर घडवणं वेगळं, आणि तो होणार हे माहीत असून दुसऱ्या हेतूनं कृती करणं वेगळं. गर्भवतीच्या गर्भाशयाला कर्करोग झाला म्हणून ते काढलं तर गर्भाचा मृत्यू हा अनिच्छित परिणाम. पण आईला वाचवण्यासाठी प्रत्यक्ष गर्भच मारला तर तो हेतू, म्हणून निषिद्ध. अ‍ॅन्स्कम कट्टर कॅथलिक, फूटबाई नास्तिक, आणि दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. १९५६ला ऑक्सफर्डनं ट्रुमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं, तेव्हा हिरोशिमाचं कारण देऊन अ‍ॅन्स्कमनी विरोध केला. त्यांच्या बाजूनं उभं राहणारे मूठभर लोक होते, त्यांत फूटबाई होत्या. तरीही या तत्त्वाची त्यांनी कसून तपासणी केली.

मूळ निबंधात खटका ओढणारा बघ्या नाही, रुळांना बांधलेली माणसं नाहीत आणि पुलावरचा लठ्ठ माणूसही नाही. बघ्या आणि लठ्ठ माणूस पुढे अमेरिकेतल्या ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी आणले, 'ट्रॉली प्रॉब्लेम' हे नावही त्यांचंच. फूटबाईंच्या निबंधात आहे गाडीचा चालक. गाडी सुटलेली, पुढे पाच कामगार, बाजूच्या रुळावर एक. शेजारी दुसरं उदाहरण आहे न्यायाधीशाचं. दंगलखोर जमाव म्हणतो, गुन्हेगाराला शिक्षा झाली नाही तर आम्ही पाच ओलिसांना मारू. न्यायाधीशानं एका निरपराध्याला फासावर द्यावं का? आकडे दोन्हीकडे तेच, पाच विरुद्ध एक. मग चालकानं वळावं असं आपल्याला वाटतं आणि न्यायाधीशानं तसं करू नये असं वाटतं, ते का?

उत्तर त्यांनी दिलेलं आहे, आणि व्हिडिओंतून तेच नेमकं गाळलं जातं. कर्तव्यं दोन जातींची. इजा न करण्याचं एक, मदत करण्याचं दुसरं. पहिलं दुसऱ्यापेक्षा बळकट. चालकासमोर दोन्हीकडे इजाच आहे, म्हणून त्यानं कमीत कमी इजा करावी. न्यायाधीशासमोर एकीकडे इजा आणि दुसरीकडे मदत. पाचांना मदत करता यावी म्हणून तो एकाला इजा करू शकत नाही. औषधाचंही तसंच. एकाला सगळं औषध लागतं, पाच जणांना एकेक पंचमांश पुरतं, तर पाच वाचवा. पण पाच जणांसाठी औषध बनवायला एकाचा जीव घ्यायचा नाही.

म्हणजे ही कोडी पाच मोठे की एक मोठा, हे मोजायला रचलेलीच नव्हती. नुसत्या मोजणीनं भागत नाही, हे दाखवायला ती रचली होती. आणि आज काय झालं? एमआयटीच्या संशोधकांनी २०१६ साली 'मॉरल मशीन' नावाचं संकेतस्थळ काढलं. चालकाविना धावणाऱ्या मोटारीनं कुणाला वाचवावं, म्हाताऱ्याला की तरुणाला, यावर जगभरातून सुमारे ४ कोटी निर्णय गोळा झाले आणि २०१८ला 'नेचर'मध्ये निबंध आला. लोकांना काय वाटतं याची ती मौल्यवान नोंद आहे, नाकारत नाही. पण काय योग्य आहे, हे त्यातून कसं निघणार? कौल घेऊन नीती ठरत असती तर फूटबाईंना लिहायचं कारणच पडलं नसतं.

असो. यानंतरचा टप्पा मला व्यक्तिशः सर्वांत लक्षणीय वाटतो. १९७२ साली त्यांनी एक निबंध लिहिला आणि नीतिशास्त्राच्या वर्तुळात खळबळ उडाली. कांट म्हणतो की नीतीचे आदेश निरुपाधिक असतात. तुला काय हवं-नको याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. बाई म्हणतात, शिष्टाचाराचे नियमही तसेच बोलतात! तृतीयपुरुषी लिहिलेल्या निमंत्रणाला तृतीयपुरुषीच उत्तर द्यायचं, हा नियम तुमची इच्छा विचारत नाही. पण तो मोडणारा माणूस अविवेकी ठरत नाही, फार तर असभ्य ठरतो. मग नीती न मानणारा माणूस अविवेकी कसा ठरतो? दुष्ट ठरेल, अविवेकी नाही. ज्यांना न्यायाची, माणसांची आस्था आहे त्यांच्यासाठीच नीतीला कारणं असतात. आपण नीतीच्या सैन्यात सक्तीनं भरती झालेले शिपाई नाही, स्वयंसेवक आहोत.

कल्पना मोहक आहे. पण बघा काय झालं. १९४५ला जो प्रश्न घेऊन त्या निघाल्या, तो आता त्यांच्याच हातून सुटायला आला. छळछावणीचा अधिकारी म्हणेल, मी तुमच्या सैन्यात नाव नोंदवलेलंच नाही. त्यावर १९७२च्या फूटबाईंपाशी उत्तर नाही. हे त्यांना इतर कुणाही टीकाकाराइतकंच स्पष्ट दिसत होतं. पुढची जवळजवळ तीस वर्षं त्यांनी स्वतःच्याच या निबंधाला उत्तर शोधण्यात घालवली.

उत्तराची दिशा त्यांना मिळाली लॉस एंजेलिसमधले त्यांचे सहकारी वॉरन क्विन यांच्याकडून. आपण आधी ठरवतो की विवेक म्हणजे स्वतःच्या इच्छा पुऱ्या करणं, आणि मग नीतीला त्या साच्यात बसवू पाहतो. क्विन विचारतात, असा विवेक जर नीच गोष्टींकडेही तितक्याच निर्विकारपणे नेत असेल, तर त्याला एवढा मान का द्यायचा? फूटबाईंनी क्रमच उलटा केला. जो माणूस 'पुढचं मला काही पडलेलं नाही' म्हणत तंबाखू खात राहतो, त्याला आपण अविचारी म्हणतोच ना? त्याची इच्छा नसली तरी? मग दुसऱ्याच्या वेदनेला कारणच न मानणारा माणूसही त्याच अर्थानं विवेकात उणा आहे.

पण उणा कशाच्या तुलनेत? इथे 'नॅचरल गुडनेस' सुरू होतं. ओकच्या झाडाची मुळं खोल आणि बळकट असावी लागतात, कळपानं शिकार करणाऱ्या लांडग्यानं शिकारीत भाग घ्यावा लागतो. त्या त्या जीवजातीची जगण्याची एक रीत असते, आणि तिच्या संदर्भात एखादा जीव धड की सदोष हे ठरतं. माणसाची रीत अशी की शब्द पाळल्याशिवाय, एकमेकांवर विसंबल्याशिवाय आपलं चालत नाही. म्हणून शब्द मोडणारा माणूस सदोष, जसं वरवर रुजलेलं झाड सदोष.

त्यांनी दिलेलं एक उदाहरण मला फार आवडतं. मिक्लुखो-मक्लाय हा रशियन मानववंशशास्त्रज्ञ. त्याच्याकडे कामाला असलेल्या एका स्थानिक माणसानं अट घातली होती की माझं छायाचित्र काढायचं नाही. एकदा तो गाढ झोपलेला. काढलं असतं तर त्याला कधी कळलंही नसतं, कुणाचं नुकसान नव्हतं, विश्वासाला तडाही गेला नसता. मक्लायनं काढलं नाही. का? शब्द दिला होता. उपयुक्ततावादी इथे कोड्यात पडतो. फूटबाई म्हणतात, ज्याच्या दृष्टीनं शब्द देणं हेच पुरेसं कारण असतं, अशा माणसांवाचून माणसाचं जगणं शक्य नाही. मक्लाय चांगला माणूस होता, इतकंच.

आता माझ्या हरकती. दोन सांगतो.

पहिली माकडांची. धारवाडजवळच्या जंगलात युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकानं १९६०च्या दशकात आणि पुढे अबूला सारा हर्डी यांनी वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला. बाहेरचा नर टोळी ताब्यात घेतो आणि आधीच्या नराची अंगावर पिणारी पिल्लं मारतो, असं त्यांना आढळलं. हे वानरांच्या जगण्याच्या रीतीत बसतं असं म्हटलं, तर पिल्लं मारणारा वानर 'धड' ठरतो. वानराच्या बाबतीत आपण खांदे उडवू. पण जीवजातीच्या रीतीतून आपोआप काही उदात्त निघत नाही, एवढं तरी यातून दिसतंच. फूटबाईंचं उत्तर ठरलेलं आहे, माणसाची रीत विवेकाची, तो कारणं पाहून वागतो. अगदी बरोबर. म्हणूनच, मूल न होऊ देण्याचा निर्णय हा दोष नाही असंही त्या म्हणू शकतात, झाडाच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. पण मग काम कोण करतं आहे, निसर्ग की विवेक? जॉन मॅक्डॉवेल यांनी हाच चिमटा काढला आहे. लांडग्याला एक दिवस बुद्धी फुटली, तर तो विचारेल, लांडगे कळपानं शिकार करतात हे खरं, पण मी का करू? एकदा हा प्रश्न विचारता आला की 'तुझी जात अशी जगते' हे उत्तर पुरत नाही. माझ्या मते फूटबाईंकडे याचं पुरेसं उत्तर नाही.

दुसरी हरकत आपल्या मातीतली आहे. स्वभावातून कर्तव्य निघतं, हे वाक्य मराठी माणसाला नवीन नाही. स्वभावानुसार वर्ण आणि वर्णानुसार स्वधर्म, ही साखळी किती शतकं माणसांच्या पायात होती, हे मी सांगायला नको. डॉ. आंबेडकरांनी १९३६च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये चातुर्वर्ण्याबरोबर प्लेटोचाही समाचार घेतला आहे. माणसांचे तीन ठोक वर्ग पाडणाऱ्या प्लेटोला प्रत्येक माणसाचं वेगळेपण दिसलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा 'माणसाची रीत अशी अशी' असं कोणी सांगायला लागलं की आपण ताबडतोब विचारावं, ही रीत सांगतंय कोण? गावाबाहेर ठेवलेल्या माणसाला विचारून सांगतंय का?

न्याय करायचा तर एक कबूल केलं पाहिजे. फूटबाई बोलतात त्या अख्ख्या मनुष्यजातीबद्दल, तिच्यातल्या गटांबद्दल नाही. त्यांच्या मांडणीत ब्राह्मणाची एक रीत आणि महाराची दुसरी असं म्हणायला जागाच नाही. माणूस म्हणून रीत एकच. त्या अर्थानं त्यांचं हत्यार वर्णव्यवस्थेवरच चालवता येतं, कारण ज्या व्यवस्थेत कोट्यवधी माणसांना माणसाला लागतो तो विश्वास आणि मान मिळत नाही, ती व्यवस्था मनुष्यजीवनाच्या मापानं सदोष ठरते. पण हे हत्यार आपोआप त्या दिशेला वळत नाही. ते वळवायला ज्याला इजा झाली त्याचा आवाज लागतो, आणि तो आवाज फूटबाईंच्या पुस्तकात फारसा ऐकू येत नाही. ओकची झाडं आणि लांडगे पुष्कळ आहेत, समाजाचा इतिहास कमी आहे. ही उणीव मी मोठी मानतो.

मग शेवटी हिशेब काय? नाझी अधिकाऱ्याला 'तू चुकतो आहेस' असं म्हणताना आपण खरं बोलत असतो, हे त्यांनी सिद्ध केलं का? पूर्ण सिद्ध केलं असं मी म्हणणार नाही. पण तसं म्हणणं हा भाषेचा भोंगळपणा आहे, ही जी समजूत शहाण्यासुरत्या लोकांत रूढ झाली होती, ती त्यांनी मोडली. 'हे तुमचं मत, ते माझं मत' असं म्हणून आजही आपल्याकडे चर्चा गुंडाळली जाते. जातीवरून कुणाला जिवे मारलं, तरी वाहिनीवर 'दोन्ही बाजू' मांडल्या जातात. अशा वेळी १९५८चा तो साधा प्रश्न विचारून बघा. तुम्ही याला चांगलं म्हणता, तर कुणाचं आणि काय भलं झालं ते सांगा. बहुतेक वेळा समोरच्यापाशी उत्तर नसतं, आणि उत्तर नसणं हे मतभिन्नतेचं लक्षण नव्हे.

'नॅचरल गुडनेस'च्या सुरुवातीला विट्गेन्स्टाइनची एक आठवण आहे. बोलता बोलता एका वक्त्याला जाणवलं की आपण आता काहीतरी हास्यास्पद बोलून जाणार, म्हणून तो शहाण्यासारखं काही जुळवायला लागला. विट्गेन्स्टाइननी त्याला अडवलं आणि जे म्हणायचं होतं तेच, ओबडधोबड का असेना, आधी म्हणायला सांगितलं. फूटबाईंनी हा सल्ला आयुष्यभर पाळला. वाईट हे खरोखरच वाईट असतं, हे त्या काळी ओबडधोबड वाटणारं वाक्य त्यांनी आधी म्हटलं, आणि मग ते कसं टिकेल यासाठी पन्नास वर्षं खपल्या.

माझं म्हणणं इथे संपलं. माकडांवर आणि वर्णावर तुमच्या हरकती असतील, त्या जरूर विचारा.